स्थानिक संस्थांची खरेदी आणि लहान पुरवठादार : निविदापद्धतीचा एक ऐतिहासिक आढावा

नगरपालिका ही जशी कर वसूल करणारी संस्था आहे, तशीच ती आपल्या क्षेत्रातील एक मोठी ग्राहकही आहे. शाळांतील बाके, रुग्णालयांतील चादरी, सफाईसाठी लागणारी अवजारे, कचेरीतील छापील नमुने या वस्तू तिला दरवर्षी लागतात. आणि त्यांपैकी बऱ्याचशा त्याच गावातील लहान कारखानदार तयार करू शकतो. असे असूनही ही मागणी त्याच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. त्याचा माल महाग पडतो, हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण होय. परंतु निविदापद्धतीचा इतिहास पाहिला असता हे कारण अपुरे वाटू लागते. लहान पुरवठादाराची वाट किमतीइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, अन्य चार गोष्टींनी अडविली आहे : खरेदीची वार्ता, कामाचे आकारमान, अनामत रक्कम आणि देयक चुकते होण्यास लागणारा काळ. या चार अडसरांपैकी कोणता केव्हा व कितपत दूर झाला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

१. निविदापद्धतीचा हेतू

जाहीर निविदेची पद्धत लहान उद्योगाला साहाय्य व्हावे म्हणून निघाली नाही, आणि त्याला वगळावे म्हणूनही नाही. सार्वजनिक पैशाचे वशिलेबाजीपासून रक्षण व्हावे, हा तिचा मूळ हेतू. इंग्लंडमध्ये १८३५ च्या नगरपालिका कायद्याने १७८ नगरांचा कारभार निवडून आलेल्या मंडळांच्या हाती दिला, तेव्हाच मंडळाच्या कंत्राटात हितसंबंध असलेली व्यक्ती सदस्यत्वास अपात्र ठरविण्यात आली. पुढे १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने नागरी संस्थांच्या कंत्राटांना निश्चित चौकट घालून दिली. १०० पौंड वा त्याहून अधिक रकमेच्या कंत्राटापूर्वी किमान दहा दिवसांची जाहीर सूचना देऊन निविदा मागवाव्या व कंत्राट नीट पार पाडले जाईल यासाठी पुरेसे तारण घ्यावे, असा तो नियम होता.

या नियमाचे दोन भाग परस्परविरोधी दिशांनी काम करतात, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. जाहीर सूचनेमुळे दार सर्वांना उघडे होते. तारणामुळे मात्र त्याच दारातून आत येण्यासाठी भांडवल लागते. पहिल्या भागाने सभासदांच्या आप्तेष्टांची मक्तेदारी मोडण्यास मदत केली, तर दुसऱ्याने ज्याच्याजवळ रोख शिल्लक नाही अशा कारागिराला बाहेर ठेवले. यापुढील इतिहास बव्हंशी या दोहोंच्या ओढाताणीचा आहे.

२. मुंबईतील घडण

मुंबईत हीच चौकट एका आर्थिक वादळानंतर आली. १८६५ च्या कायद्याने नगरपालिकेचा कारभार आयुक्ताच्या हाती एकवटला आणि आर्थर क्रॉफर्ड यांनी रस्ते, गटारे व मंडई यांवर सढळ हाताने खर्च केला. त्या कामांची शहराला गरज होती, यात शंका नाही. परंतु खर्चावर परिणामकारक नियंत्रण नव्हते. १८७१ साली करदात्यांचा असंतोष उफाळून आला. त्यातून १८७२ चा कायदा झाला व ६४ सभासदांपैकी निम्मे करदात्यांकडून निवडले जाऊ लागले.

१८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने कंत्राटांची व्यवस्था अधिक काटेकोर केली. ठराविक रकमेहून मोठे कंत्राट करण्यापूर्वी आयुक्ताने स्थानिक वृत्तपत्रांतून किमान सात दिवसांची सूचना द्यावी, निविदा मागवाव्या आणि कंत्राटदाराकडून पुरेसे तारण घ्यावे, असे तीत सांगितले होते. १८७५ च्या इंग्रजी तरतुदीशी असलेले तिचे साम्य उघड आहे. मात्र भारतीय परिस्थितीत या व्यवस्थेचा परिणाम वेगळा झाला. वृत्तपत्र वाचणारा, इंग्रजी अटी समजणारा आणि तारण ठेवू शकणारा वर्ग येथे फारच लहान होता. प्रत्यक्ष काम करणारा सुतार, लोहार वा विणकर हा पालिकेशी थेट करार न करता मुख्य कंत्राटदाराच्या हाताखाली राबू लागला, तर त्यात आश्चर्य नाही.

या अडचणीतूनही मार्ग काढणारी माणसे होती. जोतीराव फुले यांनी सरकारी बांधकामांची कंत्राटे घेतली होती आणि १८७६ पासून ते पुणे नगरपालिकेचे सभासदही होते. सत्यशोधक समाजाला मुंबईत मोठा आधार मिळाला तो तेथील तेलुगू भाषिक बांधकाम कंत्राटदारांचा. श्रम व कसब यांच्या जोरावर पुढे आलेल्या समाजांना कंत्राटाचा व्यवसाय हे उन्नतीचे एक साधन झाले होते, असे या उदाहरणांवरून दिसते. पण ही माणसे स्वतःचे भांडवल व संघटना उभी करून आत आली. पद्धतीने त्यांच्यासाठी दार रुंद केले नव्हते.

३. राज्यसंस्थेचा हस्तक्षेप

सरकारी खरेदी हे उद्योगवाढीचे साधन होऊ शकते, हा विचार पहिल्या महायुद्धाच्या काळात बळावला. औद्योगिक आयोगाच्या (१९१६–१८) शिफारशींनंतर १९२२ साली भारतीय भांडार विभाग स्थापन झाला. परंतु तेव्हाचा प्रश्न विलायती विरुद्ध देशी मालाचा होता. देशी उद्योगांतील लहानमोठा हा भेद त्यात गौण होता.

तो भेद धोरणात आला १९५५ साली. त्या वर्षी फेब्रुवारीत राष्ट्रीय लघुउद्योग निगमाची स्थापना झाली, आणि प्रा. द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी ग्रामोद्योग व लघुउद्योग यांचा विचार करताना विकेंद्रित उत्पादन व सहकारी संघटना यांवर भर दिला. सरकारी मागणी मिळवून ती लहान कारखान्यांकडे वळविणे हे निगमाचे एक कार्य होते. त्याच्याकडे नोंदलेल्या कारखान्यांना पुढे निविदेचे कागद विनामूल्य मिळू लागले, बयाणा रकमेतून सूट मिळाली, आणि मोठ्या उद्योगाच्या तुलनेत १५ टक्क्यांपर्यंत किमतीची सवलत देण्याचे तत्त्व मान्य झाले. महाराष्ट्रात १९६२ साली राज्य लघुउद्योग विकास महामंडळ निघाले. त्याच वर्षी १ मे रोजी जिल्हा परिषदा कामाला लागल्या आणि ग्रामीण भागात शाळा, दवाखाने व बांधकाम यांसाठी खरेदी करणारा एक नवा मोठा ग्राहक निर्माण झाला.

या उपायांनी पहिले तीन अडसर काही अंशी सैल केले. मध्यस्थ महामंडळामुळे वार्ता मिळाली, मोठी मागणी अनेकांत वाटली गेली व बयाण्याचा भार हलका झाला. चौथा अडसर मात्र जसाच्या तसा राहिला.

४. देयकाचा प्रश्न

या चौथ्या अडसराचे गांभीर्य एका साध्या हिशेबाने स्पष्ट होते. समजा, एका कारखानदाराने नगरपालिकेला १,००,००० रुपयांची बाके पुरविली. त्यांचा उत्पादनखर्च ९०,००० रुपये असून ती रक्कम त्याने द.सा.द.शे. १८ दराने कर्जाऊ घेतली आहे. देयक महिन्याभरात मिळाले, तर १,३५० रुपये व्याज जाऊन त्याला ८,६५० रुपये नफा उरतो. तेच सहा महिन्यांनी मिळाले, तर व्याज ८,१०० रुपये होते व हाती अवघे १,९०० रुपये राहतात. शिवाय दरम्यान भांडवल अडकून पडल्याने त्याला दुसरे काम घेता येत नाही, ही हानी वेगळीच. मोठा पुरवठादार हा विलंब गृहीत धरून दर लावतो आणि तो सोसतोही. लहानाला तसा दर लावला तर निविदा हुकते, न लावला तर धंदा बुडतो. म्हणजे जी अडचण किमतीची म्हणून दिसते, ती पुष्कळदा विलंबाचीच असते.

कायद्याने याची दखल उशिरा घेतली. लघुउद्योगांच्या थकलेल्या देयकांवर व्याज देण्याचा कायदा १९९३ साली झाला. त्याची जागा २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्याने घेतली. त्यानुसार करारात काहीही ठरले असले तरी सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे देयक ४५ दिवसांच्या आत चुकते झाले पाहिजे. न झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने, व्याज द्यावे लागते. खरेदीदाराच्या व्याख्येतून स्थानिक संस्था वगळलेल्या नाहीत. तथापि, ज्या कचेरीकडून पुढच्या वर्षी पुन्हा काम मिळवायचे, तिच्याविरुद्ध दाद मागण्यास लहान पुरवठादार सहसा धजत नाही. हक्क कायद्यात आहे. तो बजावण्याची किंमत मात्र पुरवठादारानेच मोजायची असते.

५. धोरणाची व्याप्ती व आक्षेप

२०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणाने सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी वार्षिक खरेदीचा २० टक्के हिस्सा ठरविला; २०१८ साली तो २५ टक्के करण्यात आला. ३५८ वस्तू केवळ याच उद्योगांकडून घ्याव्यात, असेही त्यात आहे. परंतु हे धोरण केंद्रीय मंत्रालये, विभाग व सार्वजनिक उपक्रम यांना लागू आहे. नगरपालिका व जिल्हा परिषदा यांची खरेदी राज्याच्या नियमांनी चालते. परिणामी, जो ग्राहक लहान कारखानदाराच्या सर्वांत जवळ आहे, त्याच्यापर्यंत हे आरक्षण आपोआप पोहोचत नाही.

राखीव हिश्श्याविरुद्धचा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही. जास्त किमतीचा बोजा अखेर करदात्यावर पडतो, आणि सवलतीच्या आडोशाने मोठे व्यापारी लहान उद्योगाची नावे पुढे करू शकतात. १८७१ च्या करदात्यांनी उपस्थित केलेला प्रश्न म्हणूनच आजही शिळा झालेला नाही. मात्र २०१२ च्या धोरणाने यावर एक तोड काढली आहे. लहान उद्योगाचा देकार सर्वांत कमी देकाराहून १५ टक्क्यांच्या मर्यादेत असेल, तर त्याने तोच कमी दर मान्य केल्यास मागणीचा हिस्सा त्याला मिळतो. येथे करदात्याला जास्तीचा दर द्यावा लागत नाही.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, स्थानिक संस्थांना लहान उद्योगाला हात द्यावयाचा असेल, तर किमतीच्या सवलतीपेक्षा मागणीची लहान भागांत विभागणी आणि वेळेवर देयक हे उपाय अधिक फलदायी व करदात्याला कमी खर्चाचे आहेत. दुसरी गोष्ट पुरवठादाराविषयी आहे. ज्यांना या क्षेत्रात यश आले, ते बहुधा एकाकी राहिले नाहीत. कोणी भागीदारी केली, कोणी सहकारी संस्थेचा वा महामंडळाचा आधार घेतला. नोंदणी वेळेवर करणे, निविदेच्या अटी दर लावण्यापूर्वी वाचणे, आणि दर ठरविताना देयकाच्या विलंबाचा हिशेब धरणे ही सारी कामे एकट्या कारागिराला जड जातात; संघटनेला ती सोपी असतात. निविदापद्धतीने सार्वजनिक पैशाचे रक्षण करण्याचे आपले पहिले कर्तव्य बऱ्याच अंशी पार पाडले आहे. ते रक्षण कायम ठेवून दार रुंद करणे हे तिचे दुसरे कर्तव्य होय, आणि ते स्थानिक संस्थांच्या पातळीवर अद्याप अपुरे आहे.