५१२ बाइट्सची चोरदिंडी

मागच्या भागानंतर वेल्ह्याहून एका मित्राचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम बनवायचीय. त्यासाठी सगळी असेंब्ली शिकावी लागेल का? आणि माझ्याकडे लॅपटॉप नाही, फोनच आहे." प्रश्न आजचा आहे, पण उत्तर इतिहासात आहे. म्हणून आजचा भाग त्याच्यासाठी.

आधी मुंबईला जाऊ. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या टीमने टिफ्रॅक नावाचा कॉम्प्युटर बांधला. १९६० मध्ये तो कामाला लागला. मेमरी ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबात १० केबी. गुड मॉर्निंगचा एक फोटोसुद्धा त्यात मावला नसता! त्यावरचे प्रोग्राम थेट मशीनच्या भाषेत लिहायचे, म्हणजे नुसते आकडे. असेंब्ली म्हणजे त्याच आकड्यांना लक्षात राहतील अशी दिलेली नावं. एवढंच. लोक तिला उगाच घाबरतात.

आता १९८१. आयबीएमचा पीसी आला. बटण दाबलं की बायॉस डिस्कवरचे पहिले ५१२ बाइट्स उचलतो आणि मेमरीत ३१७४४ या पत्त्यावर ठेवतो. हाच आकडा का? तेव्हा ३२ केबीच्या, म्हणजे ३२७६८ बाइट्सच्या मशीनवरही डॉस चालायला हवं होतं. त्यासाठी खालची जागा मोकळी ठेवून अगदी शेवटचे १०२४ बाइट्स घेतले. करा वजाबाकी! ती मशीन कधीच भंगारात गेली, पण जुन्या पद्धतीने बूट होणारा पीसी अजून तोच पत्ता पाळतो.

या ५१२ मधले शेवटचे दोन बाइट्स ८५ आणि १७० असायला लागतात, ती खूण. उरले ५१०. गुंजवण्यातून राजगड चढताना शेवटी चोरदिंडीतून वाकून शिरावं लागतं, मग पद्मावती माची मोकळी मिळते. तसंच आहे हे. दिंडी असेंब्लीची, माची सी भाषेची.

युनिक्सचंही असंच झालं. १९६९ मध्ये सुरुवात असेंब्लीत, पण १९७३ मध्ये गाभा सीमध्ये नव्याने लिहिला. आणि लिनस टॉरव्हाल्ड्स? १९९१ मध्ये हेलसिंकीत त्याने नवा ३८६ पीसी घेतला आणि त्याची असेंब्ली शिकायला एक खेळ केला. दोन कामं आळीपाळीने चालवायची, एक स्क्रीनवर ए छापणार, दुसरं बी. त्यातूनच पुढे लिनक्स उभं राहिलं. त्यातही असेंब्ली मोजक्याच ठिकाणी, बाकी सगळं सी.

तर मित्रा, सगळी नाही लागत. रजिस्टर, स्टॅक, जंप आणि इंटरप्ट, एवढ्यावर सुरुवात कर. फोनवर टर्मक्स टाक, त्यात नॅस्म आणि क्यूईमू. तुझ्या फोनचा प्रोसेसर एआरएम आहे, त्याला पीसीची असेंब्ली कळत नाही. क्यूईमू पीसीचं सोंग घेतं, म्हणून जमतं. आणि पॅकेज उतरवायला रेंज लागते, तेव्हा भोरला येशील तेव्हाच उरकून घे.

पहिला प्रोग्राम: एएचमध्ये १४, एएलमध्ये एक अक्षर, मग इंटरप्ट १६. शेवटी स्वतःवरच उडी मारणारा जंप टाक, नाहीतर प्रोसेसर पुढचा कचराही सूचना समजून चालवत सुटेल. अक्षर दिसलं की स्क्रीनशॉट पाठव.