कलम 18 : भाष्य

अणुऊर्जा कायदा, 1962. ओळी सारार्थाने दिल्या आहेत.

केंद्र सरकार आदेश काढून माहिती उघड करण्यास मनाई करू शकेल,
आदेश पुरे. दर वेळी संसदेची पायरी चढायला नको.

मग ती कागद, आराखडा, छायाचित्र, प्रतिकृती वा आणखी कशातही असो,
यादी उगाच लांबवली आहे; ‘कशातही’ म्हटल्यावर काय उरले?

अणुऊर्जेसाठी चालू असलेल्या किंवा योजलेल्या संयंत्राबद्दलची.
ग्यानबाची मेख इथे आहे. बॉम्बचे नावही नाही. मनाई संयंत्राच्या माहितीला. त्यामुळे अस्त्राचा आराखडा आणि गळका पाइप एकाच कुलपात. तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्रच घ्या. 1974च्या पोखरण स्फोटाचे प्लुटोनियम तिथल्या सायरस अणुभट्टीतले, तेव्हा सरकारची धास्ती अगदीच निराधार नव्हे. पण 1995 साली, ए. गोपालकृष्णन अध्यक्ष असताना, अणुऊर्जा नियामक मंडळाने सुरक्षेचे 130 मुद्दे मांडणारा अहवाल केला आणि तोही गुप्त ठरला. तो उघड व्हावा म्हणून पीयूसीएल ही नागरी हक्क संघटना आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ मुंबई उच्च न्यायालयात गेले, हरले. 6 जानेवारी 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम वैध ठरवले. सरकारचा युक्तिवाद असा, की अशा तपशिलांवरून अण्वस्त्र कार्यक्रमाचा अंदाज बांधता येईल. इंधनाच्या हिशेबापुरते हे मान्य. 130च्या 130 मुद्द्यांना ते लागू होते, हे मात्र मला पटत नाही.

अशी माहिती कोणीही फोडू नये, मिळवू नये, मिळवण्याचा प्रयत्नही करू नये.
नुसत्या नोकरदारांना नव्हे, विचारणाऱ्यालाही बांधले आहे. कलम 24 प्रमाणे शिक्षा पाच वर्षांपर्यंत.

कलमाचा भंग न होता जे आधीच लोकांपुढे आले, ते पुन्हा सांगण्यास हरकत नाही.
कलमातली ही उदार ओळ, आणि तीच सर्वांत निसरडी. 1979 साली अमेरिकेत हॉवर्ड मोर्लंड या पत्रकाराने उघड उपलब्ध माहिती आणि मुलाखती जुळवून हायड्रोजन बॉम्बच्या रचनेवर लेख लिहिला. ‘प्रोग्रेसिव्ह’ मासिकाला तो छापायला न्यायालयाने आधी मनाई केली. पुढे सरकारनेच खटला सोडला आणि लेख आला. सुटे तुकडे उघड असले, तरी त्यांची जुळणी गुप्त, असे तिथल्या सरकारचे म्हणणे होते. आपल्या कलमातली सूट आधी उघड झालेल्या ‘त्या’ माहितीपुरती आहे. दोन उघड आकड्यांवरून कुणी तिसरा काढला, तर तो या सुटीत बसतो की नाही, याबद्दल कलम चकार शब्द काढत नाही.