मोटारीच्या बैठकीचें कातडें

मोटारगाडीचें यंत्र लोखंडाचें आणि सांगाडा पोलादाचा. परंतु मनुष्याचा देह टेकतो तो तिच्या बैठकीवर. म्हणूनच गाडीच्या सर्व अवयवांत बैठकीचें आवरण लवकर झिजतें. चालक ज्या बाजूनें चढतो-उतरतो तिकडची कड प्रथम घासते, मग शिवणीचे टांके तुटतात, उन्हानें कातड्याला तडे जातात, आणि एके दिवशीं आंतला केस बाहेर डोकावूं लागतो. अशा वेळीं जुन्या गाडीच्या धन्यापुढें प्रश्न उभा राहतो: तें कातडें काढून नवें चढवावें, कीं आहे तेंच डागडुजी करून राखावें? याचें उत्तर मोटारीच्या जन्माच्याही मागें जाऊन, बग्ग्यांच्या कारखान्यांत आणि कातडें कमावणाऱ्यांच्या हौदांत शोधावें लागतें.

कार्ल बेंझ यानें आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटाचा अर्ज २९ जानेवारी १८८६ रोजीं जर्मनींत दाखल केला. यंत्र नवें होतें, पण बैठक जुनीच होती. त्यानंतर कित्येक वर्षें अनेक कारखानदार यंत्र आणि सांगाडा तेवढा तयार करीत. वरचा भाग घोड्याच्या बग्ग्या बांधणारे कारागीर बांधीत. त्यांनीं आपली पिढीजात विद्या जशीच्या तशी मोटारींत आणली. खालीं तागाचे पट्टे, त्यांवर स्प्रिंगा, स्प्रिंगांवर पिळून कुरळा केलेला घोड्याचा केस, आणि सर्वांवर कातडें. केस जागचा हलूं नये म्हणून ठिकठिकाणीं गुंड्या ओढून बसवीत. त्यामुळें गादीवर शंकरपाळ्यांसारखे चौकोन उठत. आज जी शोभा वाटते ती मुळांत सोय होती.

कातडें पसंत केलें गेलें तेंही सोयीसाठींच. उघड्या गाडींत पाऊस, धूळ आणि चिखल यांपुढें कापड टिकेना. पुढें बंद गाड्या निघाल्या तेव्हां मोठा मौजेचा भेद झाला. चालकाची जागा पुष्कळदां उघडीच असे, म्हणून त्याला कातडें. आंत बसणाऱ्या मालकाला मात्र मऊ लोकरी कापड. म्हणजे कातडें हें त्या काळीं चाकराचें आसन होतें. सर्वच गाड्या बंद झाल्या, स्वस्त गाड्यांत कापड आणि नकली कातडें आलें, तेव्हां खऱ्या कातड्याची किंमत वाढली आणि चाकराचें आसन श्रीमंतीचें लक्षण ठरलें.

हें कातडें तयार होई कसें? कच्चें चामडें चुन्याच्या पाण्यांत भिजवून त्याचे केस काढीत, आंतलें मांस खरवडीत, आणि मग झाडांच्या सालींचा काढा भरलेल्या हौदांतून, सौम्य काढ्यापासून तीव्र काढ्याकडे, तें हळूहळू पुढें नेत. युरोपांत यासाठीं ओकची साल वापरीत आणि जाड चामड्याला वर्ष-दीड वर्ष लागे. आपल्याकडे उत्तरेस बाभळीची साल चाले, दक्षिणेस तरवडाची. या व्यवसायांत सह्याद्रीचाही वाटा होता. येथील हिरडा जहाजांतून विलायतेच्या चर्मालयांत जाई, आणि तेथील व्यापारी ज्या प्रतीला ‘व्हिंगोर्ला’ म्हणत तिचें नांव आपल्या वेंगुर्ल्यावरून पडलेलें होतें. मद्रासकडून कमावलेलीं कातडींही लंडनच्या बाजारांत पोंचत. मात्र ज्या हातांनीं हें दुर्गंधीचें आणि कष्टाचें काम केलें, त्यांना आपल्या समाजानें गांवाबाहेर ठेवलें. त्यांनीं कमावलेल्या कातड्यावर बसण्यांत कोणास कमीपणा वाटला नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत या संथ विद्येला प्रतिस्पर्धी मिळाला. क्रोमियमच्या क्षारांनीं कातडें कमावतां येतें, हें जर्मन रसायनज्ञ फ्रीडरिख क्नाप यानें १८५८ सालीं दाखविलें. अमेरिकेंत ऑगस्टस शुल्ट्झ यानें १८८४ सालीं दोन स्नानांची रीत पेटंट केली, आणि मार्टिन डेनिस यानें १८९३ सालीं ती एका स्नानावर आणली. महिन्यांचें काम दिवसांवर आलें. क्रोमचें कातडें मऊ, लवचिक आणि उष्णतेला अधिक टिकणारें असे. दोन्ही रीतींचा मिलाफही कांहीं कारखाने करीत.

या दोन कातड्यांचें मरण मात्र एक नव्हे. सालीच्या काढ्यानें कमावलेलें कातडें दूषित हवेंतील गंधकाम्लानें आंतून कुजतें. लंडनच्या अथेनियम क्लबांतील पुस्तकांच्या बांधण्या आणि खुर्च्यांचीं कातडीं खराब होऊं लागलीं, तेव्हां मायकेल फॅरडे यानें १८४३ सालीं त्याचा दोष गॅसच्या दिव्यांकडे दिला. पुढें लंडनच्याच कलासंस्थेनें नेमलेल्या समितीनें १९०१ सालीं पुस्तकांच्या कातड्याविषयीं अहवाल दिला, त्यांतही गॅसच्या धुराचा हा दोष आला. असें कुजलेलें कातडें तांबूस भुकटी होऊन बोटाला लागतें. ती भुकटी बांधून ठेवतां येते. पण गेलेलें बळ परत आणतां येत नाहीं. क्रोमच्या कातड्याचें तसें नाहीं. त्याचा वरचा रंगाचा थर आधीं तडकतो; खालचे तंतु पुष्कळदां धडधाकट असतात. थर साफ करून पुन्हां रंग दिला, उसवलेली शिवण घातली आणि फाटल्या जागीं आंतून ठिगळ लावलें, तर तेंच कातडें आणखी कित्येक वर्षें काम देतें.

तेव्हां बैठक उसवण्यापूर्वीं तिला झालेलें दुखणें कोणतें तें पाहणें अवश्य आहे. बहुतेक ठिकाणीं हें पाहिलेंच जात नाहीं. वर तडे दिसले कीं कातडें जीर्ण झालें असें ठरतें, आणि बरें होऊं शकणारें आवरण उकिरड्यावर जातें.

दुसरी चूक याच्या उलट आहे. जुनी गाडी म्हटली कीं तिला कातडेंच शोभेल, ही समजूत इतिहासाला धरून नाहीं. हेन्री फोर्डची १९०८ सालची मॉडेल टी कांहीं वर्षांतच नकली कातड्यावर आली. मँचेस्टरजवळच्या हाइड गांवीं सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन एक माल तयार होत असे. त्याचें ‘रेक्झिन’ हें व्यापारी नांव मराठींत इतकें रुजलें कीं पुढें आलेल्या प्लॅस्टिकच्या कापडालाही लोक रेक्झिनच म्हणूं लागले. मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ सालीं निवृत्त झालेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींची बैठक याच जातीची होती. अशा गाडीला उंची कातडें चढविलें, तर ती सजते. पण तिची हकीकत खोटी होते.

कातडें बदलणें अटळच असेल, तर तें काम घाईचें नाहीं. कसलेला कारागीर जुनें आवरण ओढून फाडीत नाहीं. तो खिळे एकेक करून उपटतो, शिवण उसवतो, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालतो आणि त्याच तुकड्यांवरून नवे बेततो. कातड्याचा पाठीकडील भाग घट्ट असतो, पोटाकडील ताणतो. म्हणून बसण्याच्या जागेला पाठीचा भाग आणि कमी ताणाच्या बाजूंना बाकीचा, असा हिशेब ठेवावा लागतो. जुना केस धडका असेल तर धुऊन, पिंजून पुन्हां भरतात. त्या जागीं रबरी फेस भरला, तर बैठकीची उंची आणि आकार दोन्ही बदलतात; कारण फेसाची गादी १९२९ सालानंतरची आहे.

वास्तूंच्या रक्षणासाठीं १९६४ सालीं व्हेनिस येथें जी सनद झाली, तिनें बदललेला भाग मुळापासून ओळखतां आला पाहिजे, असा दंडक घातला. त्याच विचारानें जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१२ सालीं ट्यूरिनची सनद मान्य केली. रंग उडालेलें देऊळ कोणी पाडून नवें बांधीत नाहीं. मग झिजलेल्या बैठकीलाच तो न्याय कां नसावा? कुठल्या बाजूनें चालक उतरत होता, मागच्या आसनावर कोण टेकून बसे, कोणत्या कारागिराचा टांका लांब पडे, हें सर्व त्या जुन्या आवरणावर उमटलेलें असतें, आणि तें एकदांच वाचतां येतें. यासाठीं शहाणा धनी आधीं डागडुजी करतो. तिनें भागलें नाहीं तर जेवढें गेलें तेवढेंच बदलतो. आणि काढलेले तुकडे क्रमांकासह बांधून गाडीजवळ ठेवतो. नवें कातडेंही कधींतरी झिजेल. त्या वेळच्या कारागिराला मापासाठीं तेच तुकडे हवे असतील.