आवाज लहान का?

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी सभेत बोलण्याच्या कलेविषयी काही लिहावे, असे चिटणीसबाईंनी सुचविले. मी काही नामवंत वक्ती नव्हे. पण मंडळाच्या सभांना मी बरीच वर्षे येत आहे आणि एक वाक्य मी दर वर्षी ऐकत आले आहे : “माझा आवाजच लहान आहे हो, मला नका सांगू बोलायला!” असे म्हणून आपल्यापैकी पुष्कळजणी सतरंजीच्या मागच्या टोकाला सरकतात. आवाज ही जन्मतः मिळालेली देणगी आहे, ज्याची त्याला, असा यामागचा समज आहे. तो खरा आहे का, हे इतिहासालाच विचारू या.

जुन्या काळी बायकांना आवाज नव्हता, असे मुळीच नाही. पहाटे जात्यावर बसून ओवी म्हणणारीचा आवाज शेजारच्या घरांत जाई. मंगळागौरीच्या रात्री वाडा दुमदुमे. नव्या सुनेला चार माणसांत नाव घ्यावे लागे, ते तर तिचे पहिले जाहीर भाषणच! परंतु ते मान खाली घालून, पदर सावरून, शेवटचे शब्द गिळून करावयाचे, अशी रीत होती. म्हणजे गळा होता. वर पाहून, सर्वांना ऐकू जाईल असे बोलण्याची मुभा नव्हती.

बोलण्याचे शिक्षण मिळे ते पुरुषांना, आणि ते देवळात मिळे. पुराणिक पोथी घेऊन बसे आणि सुरावर वाची. हरिदास उभा राही. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. हाती चिपळ्या, खांद्यावर उपरणे. कैकेयी बोलते तेव्हा स्वर वेगळा आणि भरत बोलतो तेव्हा वेगळा. पाऊल पुढे टाकावे कधी, हात उचलावा कधी आणि मध्येच थांबून श्रोत्यांकडे पाहावे कधी, हे सारे तो गुरूकडून शिके. आपल्या आज्या-पणज्या एका बाजूला बसून हे ऐकत. त्यांना कळत सर्व होते, करता मात्र येत नव्हते.

या रीतीला अपवाद ठरल्या पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने ते रमाबाईंना दिले. हे कुटुंब तीर्थे करीत देशभर फिरे आणि पुराण सांगून पोट भरी. देवळाच्या सभामंडपात, झाडाखाली किंवा नदीकाठी पोथी घेऊन बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात, सुरावर वाचायचे, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. उघड्यावर, वाऱ्यात, गर्दीच्या गलबल्यात आवाज पोहोचविण्याची ही केवढी मोठी तालीम! १८७८ साली त्या भावासह कलकत्त्यास पोहोचल्या, तेव्हा तेथील पंडितांनी परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८२ साली त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला आणि त्याच वर्षी हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात, असे ठामपणे सांगितले.

डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईस काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याला जोडून सामाजिक परिषद झाली. तेथे रमाबाई विधवांच्या केशवपनाच्या प्रश्नावर बोलावयास उभ्या राहिल्या. समोर बहुतेक सारे पुरुष, ध्वनिक्षेपक नव्हताच. मागच्यांना ऐकू येईना. तेव्हा त्या जे बोलल्या ते त्यांच्या चरित्रात नमूद आहे. त्याचा आशय असा की, माझा आवाज लहान आहे यात नवल नाही. स्त्रीला आपला आवाज मोठा करण्याची संधी तुम्ही कधी दिलीच नाही. भगिनींनो, नदीकाठी आवाज कमावलेली ही बाई असे म्हणते! त्या स्वतःपुरते बोलत नव्हत्या, आपणा सर्वांसाठी बोलत होत्या.

दुसरे उदाहरण रमाबाई रानडे यांचे. अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. माधवरावांनी त्यांना शिकविले. पुढे पुण्यात मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी सभा झाली, तेव्हा त्यांनी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर इंग्रजीत निवेदन वाचले. घरी आल्यावर वडीलधाऱ्या बायकांनी टोमण्यांनी त्यांना नकोसे केले. ते हायस्कूल मात्र १८८४ साली निघाले. सभेत कागद वाचल्याबद्दल घरात बोलणी खाणाऱ्या याच रमाबाई १९०४ साली मुंबईच्या भारत महिला परिषदेच्या अध्यक्षा झाल्या. हा पल्ला देणगीने नव्हे, सवयीने गाठला.

तेव्हा सवय कशी करावी? पुराणिक आणि हरिदास यांच्यापासून घेण्यासारख्या चार गोष्टी मला दिसतात. उभे राहताच बोलू नये. दोन्ही पावले नीट टेकवून एक पुरा श्वास घ्यावा. आवाज घशातून ओढू नये, पोटातल्या श्वासावर सोडावा; जात्यावरची ओवी अशीच म्हटली जाई. वाक्याचे शेवटचे शब्द गिळू नयेत, कारण मराठीत क्रियापद शेवटी येते आणि ‘होय’ की ‘नाही’ ते तेथेच कळते. नजर कागदावर किंवा अध्यक्षांवर न ठेवता शेवटच्या ओळीतल्या एखादीच्या चेहऱ्यावर ठेवावी. मान वर झाली की आवाज आपोआप वर येतो. हातांनी पदराशी चाळा करू नये. सांगण्यासारखे काही असेल तर हात आपली वेळ आपणच शोधतात.

हे सर्व घरी आरशासमोर करता येते; पण आरसा मागच्या ओळीत बसत नाही. म्हणून माझी कार्यकारी मंडळाला एक सूचना आहे. दर महिन्याच्या सभेत, आजवर कधीही न बोललेल्या दोघींनी पाच-पाच मिनिटे उभे राहून बोलावे. विषय कोणताही चालेल. नळाच्या पाण्याचा असो की नातवाच्या शाळेचा. मागे बसलेलीला ऐकू आले नाही, तर तिने हसू नये, नुसता हात वर करावा.

रमाबाईंनी ज्या संधीची मागणी केली, ती द्यायला आता कोणा परिषदेची वाट पाहावी लागत नाही. सतरंजी आपली आहे, सभाही आपली आहे. पुढच्या सभेला कोण उभी राहते?