गिरणगाव वाचायला कसं शिकलं?



आज आपण मुंबईतल्या लोअर परळला जाऊ. आज तिथे उतरलं तर काचेच्या उंच इमारती दिसतात. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आहे, कमला मिलच्या आवारात ऑफिसं आणि हॉटेलं आहेत. पण जुनी माणसं त्या भागाला अजूनही गिरणगावच म्हणतात. एके काळी इथे गिरण्यांच्या चिमण्या होत्या, भोंगा वाजला की रस्ते माणसांनी भरून जायचे. ही माणसं आली होती रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर, पुणे, नगरकडून. म्हणजे आपल्याच गावांतून, आपल्याच घरांतून.

यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. दहा-बारा तास साच्यावर उभं राहायचं, रात्री एका खोलीत दहा-पंधरा जणांनी झोपायचं. अशा जागी माणसं वाचायला कशी शिकली? आणि त्यात बाया मागे का राहिल्या? आम्ही बचत गटांचं काम करणाऱ्या, त्यामुळे हे दोन्ही प्रश्न आम्हाला जवळचे वाटतात. आजही गटात सही करणाऱ्या सगळ्या असतात, पण पासबुक वाचणाऱ्या थोड्या. आणि पाचवीतलं पोर पुस्तक उघडून अडखळतं, हेही आपल्या घरोघरचंच आहे.

आधी गावाकडची बाजू पाहू. गिरणीतला गडी गावी मनिऑर्डर पाठवायचा. पोस्टमन यायचा, घरची बाई अंगठा उठवायची. सोबत चार ओळींचा मजकूर असायचा किंवा मागून पत्र यायचं. ते वाचणार कोण? पोस्टमन, नाहीतर शाळेत जाणारं शेजारचं पोर. नवऱ्याने बायकोला लिहिलेलं पत्र आधी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं आणि उत्तरही दुसऱ्याच्याच हाताने लिहायचं. मनातलं दुखणं, सासरचा जाच, पैशाची अडचण यातलं त्या उत्तरात किती जाणार? वाचता न येणं म्हणजे फक्त अक्षर न ओळखणं नव्हतं. आपलं खाजगी असं काही उरायचंच नाही.

आता मुंबईत काय चाललं होतं ते बघू. सुरुवात महात्मा फुल्यांच्या माणसांपासून होते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसा राबणाऱ्याला दिवसाची शाळा कामाची नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांच्याच सत्यशोधक समाजातले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून मुंबईतून ‘दीनबंधु’ हे वर्तमानपत्र चालवलं. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची सभा घेऊन मागण्यांचा अर्ज तयार केला. त्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या-निशाण्या होत्या. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानात दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार बायांनी उभं राहून रविवारच्या सुट्टीची मागणी केली. त्याच वर्षी जून महिन्यात गिरणी मालकांनी ती मान्य केली.

तायांनो, आज आपण रविवारची सुट्टी सहज धरतो. ती मिळवताना बाया बोलल्या होत्या हे लक्षात ठेवू. त्या दोघींची नावं मात्र आपल्यापर्यंत पोचली नाहीत. पुरुष पुढाऱ्यांची नावं राहिली, कारण त्यांनी लिहिलं आणि त्यांच्याबद्दल लिहिलं गेलं.

यानंतरची गोष्ट खुद्द लोअर परळची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुभेदार रामजी सकपाळ मुलांना घेऊन इथल्या डबक चाळीत राहायला आले. खोली एकच. त्यातच स्वयंपाक, त्यातच झोप. धाकटा भीमराव अभ्यासाला बसणार कुठे? मग बापलेकांनी वेळ वाटून घेतली. भीमराव आधी झोपायचा, वडील जागे राहायचे. मध्यरात्रीनंतर दोन वाजता ते मुलाला उठवायचे आणि स्वतः त्याच जागी पडायचे. घर शांत असतानाचे ते तास मुलाच्या अभ्यासाचे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. कृष्णाजी अर्जुन केळुस्कर या शिक्षकांनी त्याला वाचताना पाहिलं होतं, पुस्तकं दिली होती. मॅट्रिक झाल्यावर आपण लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्यांनी त्याला भेट दिलं. बाबासाहेबांचं मोठेपण आपण सगळ्या जाणतो. पण त्या मोठेपणाच्या मागे एका बापाने सोडलेली झोप आहे आणि एका शिक्षकाने हातात ठेवलेलं पुस्तक आहे. या दोन गोष्टी आपल्यालाही जमण्यासारख्या आहेत.

लोअर परळला ना. म. जोशी मार्ग आहे. पूर्वी त्याला डिलाईल रोड म्हणत. नारायण मल्हार जोशी हे रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचे. काही वर्षं त्यांनी शिक्षकाचं काम केलं, मग गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था सुरू केली. परळचा दामोदर हॉल याच संस्थेचा. कामगारांना एकत्र आणणारे पुढारी म्हणून जोशींचं नाव झालं, पण लीगची सुरुवातीची बरीचशी कामं शिकण्या-वाचण्याची होती. कामगारांसाठी रात्रशाळा काढल्या, फुकट वाचनालयं उघडली. आणि सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे फिरतं वाचनालय. पुस्तकं पेटीत भरायची आणि पेटी वस्तीत पाठवायची. तिथली पुस्तकं वाचून झाली की ती पेटी दुसऱ्या वस्तीत जायची. पाळीवरून थकून आलेला माणूस पुस्तक शोधत शहरभर फिरणार नाही, म्हणून पुस्तकच त्याच्या दारात न्यायचं.

यातूनही सुटलेले पुष्कळ होते. अण्णाभाऊ साठे त्यातलेच. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे. शाळेत जेमतेम दीड दिवस गेले असं सांगतात. आईबापांबरोबर पायी चालत मुंबईला आले, गिरणीतही राबले. ते वाचायला शिकले ते दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं बघून. त्याच माणसाने पुढे ‘फकिरा’ ही कादंबरी लिहिली, ती १९५९ साली छापून आली. दुसरे नारायण सुर्वे. गंगाराम आणि काशीबाई सुर्वे या गिरणी कामगार जोडप्याने रस्त्यावर सापडलेलं हे बाळ उचललं, आपलं नाव दिलं आणि शाळेत घातलं. चौथीनंतर शाळा सुटली. हॉटेलात, गिरणीत कामं केली, पालिकेच्या शाळेत शिपाई झाले, परीक्षा देऊन पुढे पालिकेच्याच शाळेत शिक्षक झाले. १९६२ साली त्यांच्या कवितांचं पहिलं पुस्तक आलं, १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

पण आता थोडं थांबून विचारू या. या सगळ्या गोष्टींत बाई कुठे आहे? १९२०-३० च्या काळात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचात एक कामगार बाई होती. वाइंडिंग खात्यात, रिळांवर बायाच असायच्या. मग रात्रशाळेत त्या का दिसत नाहीत? कारण साधं आहे. रात्रशाळेची जी वेळ तीच चुलीची वेळ. पुरुष पाळीवरून सुटला की मोकळा, बाई पाळीवरून सुटली की तिची दुसरी पाळी सुरू. वाचनालयं उघडी होती, पण तिथल्या बाकांवर पुरुष. कोणी बायांना मनाई केली नव्हती, पण त्यांची वेळही कोणी विचारली नव्हती. स्वातंत्र्यानंतर १९५१ ची जनगणना झाली तेव्हा देशात शंभर बायांमागे जेमतेम नऊ जणींना वाचता येत होतं.

गिरणगावात आणखी एक मोठा वर्ग होता, खानावळवाल्या बायांचा. घरदार गावी ठेवून आलेल्या गड्यांना या बाया दोन वेळचं जेवण घालायच्या. महिन्याचे पैसे पगाराला मिळणार, तोवर वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज. कोण किती दिवस जेवला, कोणाकडून किती येणं, हे सगळं त्या डोक्यात ठेवायच्या. हिशेब पक्का, पण कागदावर काही नाही, म्हणून बँकेच्या दारात किंमत नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. मंडळाच्या जोरावर बायांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. आपल्या बचत गटांच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. ज्या बायांना कोणी कामगार म्हणत नव्हतं त्यांच्या नावाने बँकेत कागद तयार झाला. १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा मोठा संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही आणि एकेक गिरणी बंद पडत गेली. त्या काळात अनेक घरं बायांच्या डब्यांवर आणि पोळ्यांवर तरली.

पुढची कडी मुलांची. गिरणगावातल्या कामगार चळवळीचे पुढारी यशवंत चव्हाण यांचे चिरंजीव माधव चव्हाण आणि समाजकार्याच्या प्राध्यापिका फरिदा लांबे यांनी १९९४-९५ च्या सुमाराला मुंबईच्या वस्त्यांमध्ये ‘प्रथम’ ही संस्था उभी केली. पालिकेच्या शाळांत मुलं जात होती, पण तिसरी-चौथीपर्यंत पोचूनही अनेकांना वाचता येत नव्हतं. तेव्हा वस्तीतल्याच, दहावीच्या आसपास शिकलेल्या मुलींना थोडं प्रशिक्षण देऊन ‘बालसखी’ म्हणून नेमलं. मागे पडलेली पंधरा-वीस मुलं बाजूला घ्यायची आणि रोज दोन तास फक्त वाचणं आणि गणित. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची तपासणी केली. मुलांची खरंच प्रगती झाली होती, आणि ती सगळ्यात जास्त मागे पडलेल्या मुलांची. या दोघांना २०१९ साली नोबेल मिळालं. पण शिकवत होत्या त्या वस्तीतल्या साध्या मुली, हे आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं.

त्यांची पद्धत घरी करण्यासारखी आहे. मूल कितवीत आहे हे विसरायचं आणि त्याला काय वाचता येतं ते बघायचं. पायऱ्या चार. अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट. पाचवीतलं मूल शब्दापर्यंतच पोचलं असेल तर पाचवीचं पुस्तक समोर धरून रागावण्यात अर्थ नाही. शब्दापासूनच सुरू करायचं. बारा वर्षांच्या मुलाला दहा मिनिटं ‘कमल नमन कर’ वाचायला लाज वाटते, म्हणून हे चार मुलांच्या घोळक्यात आणि हसतखेळत करावं.

यातून आपण काय घ्यायचं? १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली, पुढे ती राज्यभर गेली. प्रौढ माणसं, बायासुद्धा, पाटी घेऊन बसल्या, गावंच्या गावं साक्षर झाली. पण जिथे नंतर वाचायला काही मिळालं नाही तिथे शिकलेलं पुसट होत गेलं. म्हणजे शिकवण्याइतकंच शिकल्यानंतर हाताशी वाचायला काही असणं गरजेचं आहे.

म्हणून आमच्या चार सूचना आहेत. पहिली, वेळ बाईची धरा. गटाच्या बैठकीतलीच पंधरा मिनिटं वाचनाची ठेवा, वेगळा वर्ग नको. दुसरी, इतिवृत्त आणि ठराव सीआरपी ताईंनी एकटीने लिहून सह्या घेण्याआधी ते मोठ्याने वाचले जावेत, दर वेळी वेगळ्या मैत्रिणीने. जिला पूर्ण जमत नाही तिने निदान रकमा आणि नावं वाचावीत. तिसरी, ग्रामसंघाने पुस्तकांची एक पेटी करावी. वीस पुस्तकं पुरेत, त्यात मुलांच्या गोष्टी असाव्यात. महिनाभर एका गटाकडे, मग पुढच्या गटाकडे. चौथी, पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी सरकारचा ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. गावच्या शाळेत नाव नोंदवता येतं, आणि गावातल्या शिकलेल्या मुली त्यात स्वयंसेवक होऊ शकतात.

अंगठ्याच्या जागी सही आली, ही आपल्या गटांची मोठी कमाई आहे. पण ज्या कागदाखाली सही करतो तो कागद वाचता आला पाहिजे. कर्ज किती, व्याज किती, हप्ता किती, जामीनदार कोण, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकून सही करणं आणि आपल्या आजीने पोस्टमनच्या तोंडून पत्र ऐकणं यात फार अंतर नाही.

येत्या बैठकीला प्रत्येकीने आपलं पासबुक घेऊन यायचं आणि शेवटची नोंद स्वतः वाचून दाखवायची. जिला अडेल तिला शेजारचीने हळूच सांगायचं, कोणी हसायचं नाही. इथूनच सुरुवात करू.