कपाळावरचे शिक्के

‘एक इंग्रज, एक जर्मन आणि एक भारतीय विमानातून चालले होते...’ ही गोष्ट ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. गोष्ट पुढे कशीही जावो. इंग्रज ताठ, जर्मन शिस्तीचा आणि शेवटी शेरास सव्वाशेर आपला भारतीय, एवढं ठरलेलं. आपण पोट धरधरून हसतो. हीच गोष्ट लंडनमध्ये कशी सांगत असतील, हा विचार मनात आला की मात्र हसू आखडतं. दुसऱ्याच्या कपाळी मारला तो शिक्का म्हणजे आपलं सूक्ष्म निरीक्षण. आपल्या कपाळी बसला की तो अपमान!

ही रीत किती जुनी, ते पाहायला लंडनला कशाला जायचं? आमच्या नगरला या. (२०२४ पासून सरकारदरबारी अहिल्यानगर, पण एस.टी.त तिकीट काढताना तोंडातून अजून ‘एक नगर’च येतं.)

निजामशाहीच्या दरबारात माणसं दोन खणांत घातलेली असत : दख्खनी आणि आफाकी. आफाक म्हणजे क्षितिजं. इराण-तुराणाकडून आले ते आफाकी. इथलेच झाले ते दख्खनी. हबशी समुद्रापलीकडून आलेले, तरी ते बहुधा दख्खन्यांच्या पंगतीला! म्हणजे शिक्क्यांचं शास्त्र तेव्हाही कच्चंच. यांनी त्यांना अडाणी म्हणावं, त्यांनी यांना उपरे म्हणावं, इथवर सगळं वरपक्ष-वधूपक्षासारखं. पण १५८९ साली आफाक्यांचा पुढारी मिर्झाखान यानं सुलतान मीरान हुसेनचा जीव घेतला आणि जमालखानाचे दख्खनी किल्ल्यात घुसले. मग नगरात आफाकी दिसेल तो कापला गेला. कटाशी त्याचा संबंध काय, हे विचारत बसायला कुणाला सवड नव्हती. इतिहासकार फरिश्ता तेव्हा नगरातच होता. तो मूळचा इराणकडचा. त्याचा जीव वाचला, आणि त्यानं विजापूर गाठलं.

पुढे हीच निजामशाही सावरली ती मलिक अंबरनं. हा हबशी; लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. जहांगीर बादशहाला तो काही केल्या हाती लागेना. तेव्हा बादशहानं आपल्या आठवणींत त्याच्या रंगावरून शिव्या मोजल्या, आणि १६१६ च्या सुमारास अबुल हसन या चित्रकारानं एक चित्र काढलं : बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्याला बाण मारतो आहे! प्रत्यक्षात ते मुंडकं पुढे दहा वर्षं अंबरच्या धडावर सुखरूप होतं. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीला त्यानं मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना एकदम पाणी पाजलं. १६२६ साली म्हातारपणानं गेला. तेव्हा मोगलांच्याच मुतमदखानानं लिहून ठेवलं, की युद्धात आणि कारभारात याच्या तोडीचा दुसरा नव्हता. पण आधी ‘हा गुलाम होता’ हे नमूद केलं, मगच स्तुती केली. शिक्का पुसायचा म्हटलं तरी असा जड जातो.

आणि १९४२. त्याच किल्ल्यात काँग्रेसचे पुढारी कैदेत. त्यांत पंडित नेहरू, सरदार पटेल, आपले शंकरराव देव आणि काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना आझाद. मौलानांचा जन्म मक्केचा. १५८९ च्या मापानं पक्के आफाकी! ते पहाटे उठून स्वतः चिनी चहा करायचे, अर्थात बिनदुधाचा. चहात दूध घालणं हा इंग्रजांनी करून ठेवलेला घोटाळा आणि हिंदी माणसानं तो डोळे मिटून उचलला, अशी त्यांनी ‘गुबार-ए-खातिर’मध्ये तक्रार केली आहे. म्हणजे एका घोटात त्यांनी दोन राष्ट्रं निकालात काढली. त्यात उकळ्या फुटेपर्यंत दुधाचा चहा आटवणारे आम्ही नगरकर तर आपोआपच आलो.

पण या शिक्क्याचा राग येत नाही. जमालखानाच्या हाती तलवार होती, जहांगीराच्या हाती सल्तनत. मौलानांच्या हाती होती फक्त किटली, आणि बाहेर गोऱ्या शिपायाचा पहारा. असल्या माणसानं आपल्याला खुशाल नावं ठेवावीत. आपण म्हणावं, “मौलाना, तुमचं म्हणणं बरोबर असेल.” आणि दूध थोडं जास्तच घालायला सांगावं.