नवं घर सजवायचंय, पण कर्ज न काढता: आधी काय करावं, काय थांबवावं

ज्वारीची सुगी उरकली, ऊस कारखान्याला गेला की सोलापूर जिल्ह्यात गावोगाव वास्तुशांतीच्या पत्रिका फिरू लागतात. बहुतेक घरांत तोवर बांधकामातच पैसा संपत आलेला असतो. पण पाहुणेरावळे येणार, चार माणसं घर बघणार म्हणून छताला पीओपी, हप्त्यावर सोफा, भिंतीला महागडा रंग असं एकेक वाढत जातं. मग जून उजाडतो. बियाणं, खत, मुलांची वह्या-पुस्तकं एकदम समोर येतात आणि सोफ्याचा हप्ताही त्याच महिन्यात असतो.

घर सजवू नये असं नाही. आयुष्यात एकदाच बांधलेलं घर नीटनेटकं दिसावं, असं कुणालाही वाटणारच. फक्त क्रम चुकायला नको. न दिसणारं काम आधी, दिसणारं नंतर, आणि दोन्हींच्या मध्ये एक पावसाळा. एवढं पाळलं तरी बराच पैसा वाचतो.

हातातल्या पैशाचे तीन वाटे

गिलावा झाल्यावर जी रक्कम हातात आहे, तिचे आधी कागदावर तीन वाटे करा.

पहिला वाटा शेतीचा आणि आजारपणाचा. येत्या हंगामाचं बियाणं, खत, मशागत आणि घरातलं दवाखान्याचं, हे पैसे घराच्या कामात घालू नका. दुसरा वाटा न दिसणाऱ्या कामाचा: वायरिंग, नळ, सांडपाणी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग. तिसरा वाटा रंग, पडदे, फर्निचरचा. पैसे कमी पडले तर कात्री तिसऱ्या वाट्याला लावा. रंग पुढच्या वर्षीही देता येतो. भिंतीत गाडलेली हलकी वायर बदलायची तर सगळी भिंत फोडावी लागते.

घराला एक पावसाळा काढू द्या

नव्या गिलाव्यात पाणी असतं. पाणी मारायचं थांबवल्यावर भिंत वाळायला निदान चार आठवडे लागतात, पावसाळी हवेत त्याहून जास्त. ओल असताना पुट्टी आणि रंग लावला की पोपडे निघतात, क्षार बाहेर येऊन भिंतीवर पांढरी भुकटी फुटते. मग खरवडा, पुन्हा पुट्टी, पुन्हा रंग. एका घराला दोन घरांचा खर्च.

ओल तपासायची सोपी रीत आहे. फूटभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दुसऱ्या दिवशी आतून पाण्याचे थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे.

गच्चीचंही तसंच. पाणी जायच्या पाइपचं तोंड बंद करून गच्चीवर दोन-तीन बोटं पाणी एक दिवस साचवून ठेवा आणि खालून छत बघा. ओलीचा डाग दिसला तर गवंड्याकडून आधी तेच काम करून घ्या. छत गळत असताना खाली पीओपी करणं म्हणजे पैसे पाण्यात.

वास्तुशांती पावसाळ्याआधी असेल तर भिंतींना चुन्याचा पातळ हात द्या, दाराला आंब्याचं तोरण, अंगणात सडा-रांगोळी. घर स्वच्छ दिसतं आणि भिंत वाळत राहते. पुढे पुट्टी लावताना हा चुना घासून काढावा लागतो, तेवढी मजुरी धरून ठेवा. कायमचा रंग दिवाळीनंतर द्या. आपल्याकडे सप्टेंबरात पाऊस जोर धरतो. तो जाऊन ऊन पडलं की भिंती चांगल्या वाळतात आणि कुठे पाणी मुरतं तेही तोवर कळलेलं असतं.

वायरिंगमध्ये काटकसर नको

दिव्या-पंख्यासाठी १.५ चौरस मिलिमीटर, सॉकेटसाठी २.५ आणि गिझरसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर धरतात. वायर आणि बटणांवर आयएसआय मार्क बघूनच घ्या. अर्थिंग करा आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. कुठे करंट उतरला तर ती क्षणात वीज तोडते. सजावटीत ती दिसत नाही, पण पावसाळ्यात ओल्या हाताने बटण दाबणाऱ्या लेकराचा जीव वाचवते.

भिंती बुजवण्याआधी पाइप आणि वायर कुठून गेली त्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडतात.

फरशी: माप घेऊनच बाजारात जा

भाव दुकानागणिक बदलतो, माप बदलत नाही. समजा खोली १० बाय १२ फुटांची आहे. जमीन १२० चौरस फूट. भिंतीलगत चार इंचांची पट्टी धरली तर आणखी १५. त्यावर तुटफुटीसाठी ५ टक्के, म्हणजे ७. एकूण १४२ चौरस फूट.

दोन बाय दोनच्या टाइल्सच्या एका बॉक्समध्ये साधारण ४ नग असतात. बोलण्यात बॉक्स १६ फुटांचा म्हणतात, पण ६०० मिलिमीटरची टाइल दोन फुटांपेक्षा किंचित लहान असते. त्यामुळे बॉक्स भरतो १५.५ चौरस फुटांचा. १४२ ला १५.५ ने भागलं की ९ च्या वर येतं, म्हणजे १० बॉक्स. सगळ्या बॉक्सवरचा शेड नंबर आणि बॅच नंबर एकच आहे का बघा, नाहीतर एकाच खोलीत दोन रंग दिसतात. पावतीवर उरलेले अख्खे बॉक्स परत घेण्याचं लिहून घ्या.

सगळ्या घराला टाइल्स परवडत नसतील तर बैठकीच्या खोलीला टाइल्स आणि ओसरी, पडवी, धान्याच्या खोलीला शहाबादी फरशी टाका. शहाबाद शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातलंच. ही फरशी पायाला गार लागते आणि पोती ओढली तरी लवकर खराब होत नाही. न्हाणीघरात गुळगुळीत टाइल घेऊ नका. घरात म्हातारी माणसं असतील तर खडबडीतच हवी.

रंगाचा हिशोब

त्याच १० बाय १२ च्या खोलीची उंची १० फूट धरली तर चार भिंती मिळून ४४० चौरस फूट होतात. त्यातून ३ बाय ७ चं एक दार आणि ४ बाय ४ च्या दोन खिडक्या वजा केल्या की ३८७. छत १२० मिळवलं की ५०७ चौरस फूट. रंगाचा एक लिटर किती जागेला पुरतो ते डब्यावर छापलेलं असतं. दोन हातांना लिटरमागे ६० चौरस फूट धरले तर साडेआठ लिटर लागतील. पेंटर चौरस फुटावर मजुरी सांगतो, तेव्हा दार-खिडक्या वजा करून की न करता, हे आधीच ठरवा. बरेच वाद इथेच होतात. कुणी ब्रासवर दर सांगितला तर १ ब्रास म्हणजे १०० चौरस फूट.

बैठकीला धुता येणारं इमल्शन आणि आतल्या खोल्यांना डिस्टेंपर चालतं. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०२१ मध्ये शेणापासून केलेला खादी प्राकृतिक पेंट आणला, तो डिस्टेंपर आणि इमल्शन अशा दोन्हींत आहे. रंग फिका घ्या. खोली मोठी दिसते, दिवा कमी लागतो. एखादी भिंत उठून दिसावी असं वाटलं तर तेवढ्या एका भिंतीला गडद रंग पुरतो.

स्लॅबचं घर गार कसं ठेवायचं

जुनं माळवदाचं घर उन्हाळ्यात गार असायचं, कारण छतावर मातीचा जाड थर आणि भिंती दोन-दोन हात रुंद. स्लॅब तापतो आणि रात्रभर आत उष्णता सोडतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी पार करतो, म्हणून छताच्या पीओपीआधी गच्चीचा विचार करा. उन्हाळ्याच्या तोंडाला गच्चीवर चुन्याचे दोन हात दिले तरी फरक पडतो. दरवर्षी द्यावे लागतात, पण खर्च कमी. पश्चिमेच्या खिडकीवर सावलीसाठी वेल चढवा.

पंख्याचंही गणित करा. साधा ७५ वॅटचा पंखा रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट. ३० वॅटचा बीएलडीसी पंखा तेवढाच चालून जवळपास ११ युनिट. तीन पंख्यांत महिना ४८ युनिटचा फरक पडतो. घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढे दर वाढतो, त्यामुळे हा फरक बिलात आणखी जाणवतो. पंख्यावर स्टार लेबल बघा, ते २०२३ पासून सक्तीचं आहे.

विकत घेण्याआधी जुनं घर बघा

जुनं घर पाडलं असेल तर सागाची चौकट, दारं, तुळया मोडीत घालू नका. वाळवी नाही ना तपासा, रंधा मारून पॉलिश करा. त्याच लाकडात सुतार दिवाण, देव्हारा किंवा बाकडं करून देतो. आजीचा तांब्याचा हंडा, पितळी घागर चिंचेने घासून कोपऱ्यात ठेवली तर दुकानातल्या शोपीसपेक्षा उठून दिसते.

जुन्या भिंतीत कोनाडे, फडताळं असायची. नव्या भिंती पातळ, त्यामुळे सामान ठेवायला जागा लागतेच. स्वयंपाकघरात भुशाच्या बोर्डाचं कपाट पाणी लागलं की फुगतं. कडप्प्याच्या फळ्या टाकून पुढे पडदा लावला तर वर्षानुवर्षे टिकतं. प्लायच घ्यायचा तर ओलीच्या जागी आयएस ७१० लिहिलेला घ्या. झोपायला पेटीचा दिवाण केला तर गोधड्या आणि पाहुण्यांचं अंथरूण आत जातं, वेगळं कपाट लागत नाही.

पडद्याला जुन्या सुती साड्या चांगल्या. साडेपाच मीटरच्या साडीत पाच-पाच फुटांचे तीन तुकडे निघतात. चार फुटी खिडकीला चुण्या धरून दोन तुकडे लागतात, म्हणजे दोन साड्यांत तीन खिडक्या. चुलीजवळ किंवा गॅसजवळ नायलॉनची साडी अजिबात नको. दिवाणावर गोधडी किंवा सोलापुरी चादर टाकली की बैठक सजली.

शेतकऱ्याच्या घरात ही जागा हवीच

शहरातल्या घराचे फोटो बघून नक्शा सजवला की ज्वारीची पोती ठेवायला जागा उरत नाही. मग ती सोफ्यामागे जातात. धान्याची खोली किंवा कोपरा आधीच राखा. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर सोडून ठेवा. फवारणीची औषधं आणि पंप मात्र घरात कुठेच नको. बाहेर, कुलपात, लेकरांच्या हाताबाहेर.

घरकुल असेल तर

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी वेगळी. घर किमान २५ चौरस मीटरचं हवं. हप्ते बांधकामाच्या टप्प्यानुसार येतात. टप्प्याचा फोटो चढला नाही तर पुढचा हप्ता अडतो. म्हणून आलेला हप्ता टाइल्स-रंगात घालू नका, आधी छतापर्यंत काम न्या.

हप्त्यावर घेण्याआधी

समजा ६० हजारांचं सामान १२ टक्के फ्लॅट व्याजाने दोन वर्षांसाठी घेतलं. व्याज १४,४०० आणि हप्ता ३,१०० रुपये. दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते, व्याज मात्र पूर्ण ६० हजारांवरच धरलेलं असतं. त्यामुळे खरा दर २१ टक्क्यांच्या वर जातो. दुकानात एकच प्रश्न विचारा: घटत्या मुद्दलावर दर किती? 'बिनव्याजी हप्ता' असेल तर प्रोसेसिंग फी किती आणि रोखीने घेतलं तर सूट किती, हे विचारा.

खासगीतून महिना ३ टक्क्यांनी ५० हजार घेतले तर वर्षाला १८ हजार व्याजात जातात आणि मुद्दल तशीच राहते. पीककर्जही घरात घालू नका. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज पडत नाही. मुदत चुकली की ती सवलत जाते.

आहेर कामाचा मागा

वास्तुशांतीला माहेरची, सोयऱ्यांची माणसं भर आहेर, टोपी-टॉवेल आणतात. ते कपाटात पडून राहतं आणि पुढे परत फेडावंही लागतं. जवळच्या भावा-मामाला आधीच मोकळेपणाने सांगितलं, "कापड नको, पंखा आणा" किंवा "पाण्याची टाकी आणा", तर त्यांचेही पैसे सत्कारणी लागतात. यात कमीपणा नाही.

थोडक्यात क्रम

१. शेतीचे आणि दवाखान्याचे पैसे बाजूला.
२. वायरिंग, नळ, सांडपाणी, गच्ची.
३. फरशी, ओटा, दार-खिडक्या.
४. चुन्याचा हात देऊन वास्तुशांती.
५. एक पावसाळा, गळती-ओल बघून दुरुस्ती.
६. दिवाळीनंतर पुट्टी आणि रंग.
७. फर्निचर एकेक, रोखीने, पीक विकून पैसा आला की.

बघायला आलेले पाहुणे जेवून संध्याकाळी आपल्या गावी जातात. त्या घरात राहायचं आणि त्याचा हप्ता फेडायचा घरच्यांनाच असतो.